दुखण्यावरचं जेल: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात दुखणं ऋतू पाहून येतं. शिमग्यात पालखी नाचवून खांदे भरून येतात, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या उचलून पाठ जाते, लावणीला वाकून वाकून कंबर धरते आणि गणपतीत फुगड्या घातल्या की गुडघे बोलायला लागतात. रापण ओढणाऱ्यांना आणि बंदरावर दिवसभर उकिडवं बसून कोलंबी सोलणाऱ्या बायकांना तर ऋतूही लागत नाही. यातले बहुतेक जण डॉक्टरच्या आधी मेडिकलमध्ये येतात आणि "दुखण्यावरचं काहीतरी द्या" म्हणून ट्यूब घेऊन जातात. तेव्हा जे प्रश्न कानावर पडतात ते इथे घेतलेत. उत्तरं औषधविक्रेत्याची आहेत. रुग्ण तपासणं माझं काम नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरच गाठायला हवा तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

जेल, बाम, मलम, स्प्रे… सगळं एकच ना?

नाही. ट्यूबवरचं मोठ्या अक्षरातलं नाव विसरा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा घरी राहिला असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या, त्यात लाज नाही.

तिथे डायक्लोफेनॅक, कीटोप्रोफेन, आयबुप्रोफेन, पायरॉक्सिकॅम यांपैकी काही दिसलं, तर ते गोळीतलंच वेदनाशामक औषध आहे. ते कातडीतून आत उतरून त्या जागेची सूज आणि दुखणं कमी करतं. मेंथॉल, कापूर, निलगिरी तेल, मिथाइल सॅलिसिलेट अशी नावं असतील, तर तो बामाचा घराणा. तो कातडीला थंड किंवा गरम भासवतो आणि दुखण्यावरचं लक्ष उडवतो. १८९३ साली मुंबईत सुरू झालेल्या अमृतांजनापासून हा घराणा आपल्या घराघरांत आहे. तिसरा प्रकार कॅप्सेसिनचा, म्हणजे मिरचीतल्या तिखटाचा.

खरी गोची अशी की खपणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये पहिल्या दोन्ही घराण्यांची सरमिसळ असते. म्हणून "बामच तर आहे, त्याने काय होतंय" हे वाक्य दरवेळी खरं नसतं.

ज्याला वास नाही आणि जे झोंबत नाही, ते जेल बोगस असतं का?

ही तक्रार घेऊन लोक ट्यूब परत करायला येतात. नुसत्या डायक्लोफेनॅकच्या जेलला फारसा वास नसतो आणि ते झोंबतही नाही. तरी आपलं काम ते करत असतं.

झोंबणं हा वेगळाच कारभार आहे. मसाला कांडताना मिरचीचा हात चुकून डोळ्याला लागला की आग होते, पण डोळा खरोखर भाजलेला नसतो. उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांना मिरचीतलं कॅप्सेसिन फसवतं. ते नेमकं कुठे जाऊन चिकटतं हे डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये शोधलं. पुढे मेंथॉलचा थंडावा कसा जाणवतो तेही उलगडलं. या क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे थंड वाटणं किंवा गरम वाटणं ही चेतातंतूंची जाणीव आहे. आतली सूज उतरतेय की नाही, याचा त्यावरून काहीच पत्ता लागत नाही.

खरोखर उपयोग होतो का, की मनाची समजूत?

दोन्ही थोडं थोडं. मुरगळणं, लचक, मुका मार यांत पहिल्या आठवड्यात डायक्लोफेनॅकसारखी जेलं चांगली लागू पडतात. गुडघ्याच्या आणि हाताच्या झिजलेल्या सांध्यांवरही उपयोग होतो, पण बेताचा. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. सहा ते बारा आठवडे खरं जेल लावणाऱ्या १०० पैकी साधारण ६० जणांचं दुखणं निम्म्याहून कमी झालं होतं. नुसतं औषधाविना जेल लावणाऱ्यांतही ५० जणांना तेवढाच आराम पडला होता. जेलचा खरा हिशेब त्या दहा माणसांचा.

खुब्याचा सांधा खोल असतो, तिथवर औषध पोचत नाही. कमरेचंही बरचसं तसंच.

किती लावायचं? वाटाण्याएवढं पुरे ना?

पुरत नाही. आपल्याकडे ३० ग्रॅमची ट्यूब सासू-सुनेत मिळून महिनाभर पुरवतात आणि मग जेल कुचकामी म्हणून नावं ठेवतात.

साध्या डायक्लोफेनॅक जेलचं (ट्यूबवर डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के असं लिहिलेलं असतं, ते १ टक्का डायक्लोफेनॅक सोडियमच्या बरोबरीचं) अमेरिकेतलं मान्य प्रमाण असं: गुडघा, घोटा किंवा पाऊल असेल तर एका वेळी ४ ग्रॅम, कोपर, मनगट किंवा हाताची बोटं असतील तर २ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. सगळ्या सांध्यांचं मिळून दिवसाला ३२ ग्रॅमच्या वर जायचं नाही. ४ ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याला थोडं कमी. एका गुडघ्याला दिवसाचे १६ ग्रॅम झाले, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांतच संपत येईल. हा खर्च न परवडणारा आहे हे मला कळतं. म्हणून ज्या एका सांध्याचा जास्त त्रास आहे तिथेच नीट लावा. चार सांध्यांना नुसता हात पुसून काही हाती लागत नाही.

२.३२ टक्क्यांचं जास्त तीव्र जेल मिळतं, ते दिवसातून दोनदाच. आणि हे माप सरमिसळ ट्यूबांना लागू नाही! मिथाइल सॅलिसिलेट आणि मेंथॉल असलेलं जेल पातळ थरातच लावायचं, ट्यूबवर लिहिलंय तेवढ्याच वेळा.

किती दिवस लावायचं?

मुरगळण्याला आठवडा, फार तर दोन. झिजेच्या गुडघ्याला फरक पडायला सात दिवसही लागतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी निराश होऊ नका. सलग तीन आठवडे लावूनही दुखणं जागच्या जागी असेल, तर नवी ट्यूब मागू नका, डॉक्टरकडे जा.

लावल्यावर लगेच न्हालंय तर चलात मां?

नाय चलात. एक तास थांबा. दिवसभराचं काम आटोपून न्हाणीत गरम पाण्याने अंग शेकून घ्यायचं असेल, तर आधी आंघोळ करा, अंग कोरडं करा, कातडी निवू द्या आणि मग जेल लावा. लावल्यावर कपडा घालायच्या आधी दहा मिनिटं उघडं ठेवा. नंतर हात साबणाने धुवा. दुखणं हातालाच असेल तर तास झाल्यावर धुवा, आणि तोवर त्या हाताने डोळे चोळू नका, भाकरी थापू नका, पोराला भरवू नका.

वरून शेक दिला तर? पट्टा बांधला तर?

दोन्ही नको. निगडीच्या पाल्याचा शेक, गरम पाण्याची पिशवी, विजेचा पट्टा, हे सगळं आपल्या जागी चांगलं आहे, पण जेलवर नाही. उष्णतेने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध नको तेवढं आत जातं. घट्ट पट्टी किंवा प्लास्टिक गुंडाळलं तरी तेच होतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये अशा चोळायच्या औषधांनी कातडी भाजल्याच्या ४३ घटनांची नोंद करून इशारा दिला होता. काही जणांना फोड आले, काहींना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्यांतली बरीच औषधं मेंथॉल किंवा मेंथॉल-मिथाइल सॅलिसिलेटची होती, म्हणजे ज्यांना आपण निरुपद्रवी समजतो तीच.

शेकाची वेळ आणि जेलची वेळ वेगळी ठेवा. सकाळी शेक, रात्री जेल, असं केलं तर भांडण मिटलं. स्प्रे मात्र चुलीजवळ, बंबाजवळ किंवा देवासमोरच्या निरांजनाजवळ मारू नका, तो पेट घेतो.

आजी उंडेल तेल लावते. त्यावरच जेल लावलं तर?

उंडीच्या तेलाने मालीश करायची कोकणात जुनी रीत आहे. मालिशीने बरं वाटतं, मला त्यात काही वावगं दिसत नाही. पण तेलकट कातडीवर जेल बसत नाही, आणि जेलवर तेल किंवा मुठेल (कोकमाचं तेल) चोपडलं की त्याचा थर झाकणासारखा बसतो. एका वेळी एकच लावा. विषगर्भ तेलाच्या नावातच इशारा आहे. त्यात विषारी वनस्पती असतात, तेव्हा ते जखमेवर किंवा तोंडाजवळ लावू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पाय मुरगळला. लगेच जोरात चोळू?

चोळू नका. पहिले दोन दिवस पाय वर ठेवा आणि बर्फ लावा. बंदराच्या गावांत मासळीचा बर्फ हवा तेवढा मिळतो. तो फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरा, थेट कातडीवर नको. जेल लावायचं असेल तर हलक्या हाताने पसरवा. पाय टेकून चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढा. हाडवैद्याकडे जायचं असेल तर एक्स-रे काढून मग जा, एवढं तरी ऐका.

मला गोळ्या चालू आहेत. जेल तर बाहेरूनच लावायचं, मग काय हरकत?

जेलमधलं डायक्लोफेनॅक गोळीच्या तुलनेत साधारण ६ टक्केच रक्तात उतरतं. वयस्कर माणसाला डॉक्टर गोळीऐवजी आधी जेल देतात ते याचसाठी. पण ६ टक्के म्हणजे शून्य नव्हे. दोन्ही गुडघे, कंबर, खांदे, सगळीकडे महिनोन्महिने लावलं की बेरीज होते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, म्हणजे वॉरफरिन किंवा आपल्याकडे बरेचदा दिली जाणारी ॲसिट्रॉम, तर मिथाइल सॅलिसिलेट असलेला बाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचा नाही. नुसत्या चोळण्याने रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्राव झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर आपोआप काळेनिळे डाग पडणं, शौच काळी होणं, यांतलं काही दिसलं तर थांबा आणि रक्त तपासून घ्या.

एकीकडे जेल आणि दुसरीकडे आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी, असं स्वतःच्या मनाने करू नका. मुंबईहून आलेला चाकरमानी भाऊ "ही घे, भारी आहे" म्हणून गोळ्यांची पट्टी देऊन जातो, तीत बहुधा हेच असतं. पॅरासिटामॉल चालतं. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, हृदयविकार किंवा रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्या असतील तर आधी विचारा. ॲस्पिरिन किंवा दुखण्याची गोळी घेतल्यावर ज्यांना दम्याचा झटका आला आहे, त्यांनी ही जेलंही टाळायची.

लावणी झाल्यापासून पोटऱ्या फार दुखतात, अंगात कणकणही आहे. कुठलं जेल लावू?

कुठलंच नाही. या प्रश्नाला मी ट्यूब देत नाही, याचा लोकांना राग येतो.

पावसाळ्यात चिखलात काम केल्यावर ताप, पोटऱ्यांत हात लावू न देणारं दुखणं आणि लाल डोळे असं एकत्र आलं की लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यायची. कोकणातल्या जिल्ह्यांना हा आजार नवा नाही. उंदीर आणि गुरांच्या मुतातून त्याचे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या चिरांतून, भेगांतून शरीरात शिरतात. चिखलात उतरल्यावर बहुधा एक-दोन आठवड्यांत ताप येतो, तोवर लावणी उरकलेली असते आणि माणूस समजतो की हा श्रमाचाच ताप. सुरुवातीला डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने आजार आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसं धरतो. पोटरीला जेल चोळत घालवलेले तीन दिवस इथे महागात पडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि "चिखलात काम केलंय" हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

तापाबरोबर सगळे सांधे एकदम दुखत असतील तर डेंगी किंवा चिकनगुनियाही असू शकतो. डेंगी नाही असं कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची दुसरी गोळी घ्यायची नाही.

ताप नाही, पण एकच पोटरी सुजली आहे, गरम लागते, तरीही चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते.

छातीत चमक निघते, डावा खांदा भरून येतो. बाम चोळला तर बरं वाटतं.

बाम ठेवा आणि १०८ ला फोन लावा. छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हातात जाणारी कळ, घाम, मळमळ ही लक्षणं स्नायूची म्हणून सोडून द्यायची नसतात. आपल्याकडे वाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात पोचायलाच वेळ जातो, त्यात चोळण्याचा अर्धा तास भरू नका.

हातात शिंगाळ्याचा काटा गेला, फार ठणकतंय. जेल लावू?

नाही. शिंगाळा असो की पाकट, या माशांच्या काट्याच्या जखमेत विष असतं आणि ते उष्णतेने मंदावतं. सोसेल इतक्या कडक पाण्यात (पोळणार नाही इतपत, साधारण ४५ अंशांपर्यंत) हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी दुसऱ्याने चांगल्या हाताने तपासावं, कारण ठणक्यात भाजलेलं कळत नाही. मग धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काटा आत मोडला असेल किंवा छाती-पोटाला लागला असेल तर थेट दवाखाना.

फुरसं चावल्यावर आलेल्या सुजेला काहीही लावू नका, बांधू नका, चिरू नका. पाय हलवू न देता दवाखान्यात न्या. कोलंबी सोलून बोटं चिरलेली असतील तर त्या हातावरही जेल नको. उघड्या कातडीतून ते फार वेगाने आत जातं.

उसण भरली आहे. पायाळू माणूस शोधू की जेल लावू?

पायाळू माणसाचा पाय लागून कुणाचं वाईट झाल्याचं ऐकलं नाही, फक्त लाथ जोरात नको. जेलचाही कमरेवर फार मोठा उपयोग नाही. हळूहळू चालत राहणं आणि अंथरूण न धरणं यानेच बहुतेक उसणी काही दिवसांत उतरतात. जांघांमध्ये बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं.

गरोदर बाईला चालेल?

विसाव्या आठवड्यानंतर डायक्लोफेनॅकच्या घराण्यातलं काहीही डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नको, जेलसुद्धा. शेवटच्या तीन महिन्यांत तर नाहीच. त्याआधीही विचारूनच. बाळंतिणीने स्तनांवर लावायचं नाही.

पोरगा खेळून आलाय, पाय दुखतात. आमचीच ट्यूब लावू?

बारा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांची ट्यूब नको. त्याहून मोठी काळजी गिळण्याची आहे. मिथाइल सॅलिसिलेटचं शुद्ध तेल, म्हणजे विंटरग्रीन तेल, चमचाभर म्हणजे ५ मिली पोटात गेलं तर ते ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक ॲस्पिरिन गोळ्यांएवढं होतं. लहान मुलाचा जीव जायला तेवढं पुरे. कापूर पोटात गेला तर झटके येतात. देवळीत किंवा उशाखाली बाटली ठेवायची सवय मोडा. मुलाने गिळलंच तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

उन्हात काम असतं. काही फरक पडतो?

पडतो, विशेषतः कीटोप्रोफेनच्या जेलने. ते लावलेल्या जागी ऊन लागलं की कातडी लाल होते, फोड येतात. लावणं थांबवल्यावरही दोन आठवडे ती जागा झाकून ठेवावी लागते. होडीवर किंवा बागेत उघड्या अंगाने काम करणाऱ्याला मी ते देतच नाही. डायक्लोफेनॅक लावलेली जागाही उन्हापासून झाकलेली बरी. पुरळ किंवा खाज आली तर कुठलंही जेल लगेच बंद.

बैलाच्या खांद्याला सूज आहे. तेच जेल लावलं तर?

लावू नका. गुरांसाठी डायक्लोफेनॅक वापरायला भारतात २००६ पासून बंदी आहे. हे औषध पोटात असलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं त्यापायी देशातून जवळजवळ संपली. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावच्या झाडांवर ती अजून घरटी करतात, तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही २०२३ मध्ये गुरांसाठी बंदी आली. पशुवैद्यकाला मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना चालतं.

मांजराचंही सांगतो. जेल लावलेला पाय मांजराने चाटला तर त्याची मूत्रपिंडं जाऊ शकतात. मासळीच्या वासाने मांजर पायाशी घोटाळतंच, म्हणून लावल्यावर दहा मिनिटांनी वर कपडा असू द्या.

जुनी ट्यूब घरात आहे, वापरू का?

तारीख बघा. ती बहुतेक ट्यूबांवर खालच्या दुमडीवर दाबून उमटवलेली असते, आणि आपण ट्यूब खालून गुंडाळत आणतो तेव्हा तीच आधी आत जाते. नवी आणल्या दिवशीच तारीख पेनाने टोपणाजवळ लिहून ठेवा. स्कूटरच्या डिकीत ट्यूब ठेवू नका, मे महिन्यात तिथे जेलचं पाणी होतं. पाण्यासारखं सुटलेलं, रंग बदललेलं किंवा कण धरलेलं जेल तारीख शिल्लक असली तरी टाकून द्या.